उठून दिलेली जागा

पॅरिसमध्ये एकाने हसत हसत मनगटाला दोरा बांधून रेनातोला लुबाडलं, तर बार्सिलोनात कोटावर सांडलेला सॉस पुसायला धावून आलेल्याने पाकीटच लांबवलं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. परक्या शहरात कुणी विनाकारण गोड वागलं, की आधी हात खिशावर.

त्यामुळे प्रागच्या मेट्रोत चढल्या चढल्या एका तरुणीने लगबगीने उठून त्याला जागा दिली, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"बस की आता. मुलगी ताटकळलीय," बायको ओर्नेला म्हणाली.

"हिचा जोडीदार मागे असणार. तू पर्स पोटाशी धर."

"अरे, पुस्तक वाचतेय ती."

"पुस्तकाखाली दुसरा हात असतो."

तो बसला, पण तिच्यावरची नजर काही त्याने हटवली नाही. पुढच्या स्टेशनवर ती उतरून गेली, तसं त्याने पाकीट, पासपोर्ट, फोन सगळं चाचपलं. सगळं जागच्या जागी होतं. मग या पोरीला हवं तरी काय होतं?

गाडी बोगद्यात शिरली.



समोरच्या काळ्या काचेत, त्याचाच कोट घातलेला एक पांढऱ्या केसांचा म्हातारा खिसे चाचपत बसला होता.