खिडकीपाशी ठेवायचं स्टूल

स्टूल डुगडुगलं.

काटासाहेबांनी ते उचललं, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पुन्हा ठेवलं, वरून तळहाताने दाबलं. टक. पुन्हा दाबलं. पुन्हा टक. एक पाय हट्टी पोरासारखा जमिनीला टेकायलाच तयार नव्हता.

तासाभरापूर्वी ते ठणठणीत होतं. सुतारकामाच्या कारखान्यात मिस्त्रीने सगळ्यांसमोर साहेबांनी स्वतः केलेलं ते स्टूल मशीनच्या लोखंडी पाट्यावर ठेवून पाहिलं होतं, चारी बाजूंनी दाबलं होतं. जराही हललं नाही. "साहेब, पास झालात! जन्मभर लोकांचे काटे तपासलेत, आज आम्ही तुमचा तपासला," मिस्त्री म्हणाला होता, आणि साहेब लाजले होते. लाजायची त्यांना सवय नव्हती.

साहेबांची सगळी नोकरी दुकानांतली वजनं-मापं तपासण्यात गेली; काटासाहेब हे नाव बाजारानेच दिलेलं. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की दुकानदार आधी तराजू पुसत, मग कपाळ. त्यांनी ज्याची चूक काढली नाही असा माणूस बाजारात नव्हता, घरात तर नव्हताच. अशा माणसाने अडुसष्टाव्या वर्षी हातात करवत धरली. पहिल्या महिन्यात लाकूड कमी आणि बोटंच जास्त कापली गेली. रंधा उलटा धरला म्हणून कारखाना हसला. साहेबांनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं.

कारण त्यांची लेक गेली होती. एकुलती एक, एकोणचाळीस वर्षांची. दहा दिवस ताप आला आणि संपलंच. तिचं कपाट आवरताना साड्यांखाली एक वही सापडली. पानापानावर खुर्च्या, टेबलं, मांडण्या, बारीक अक्षरात मापांसकट. शेवटच्या चित्राखालची तारीख ताप यायच्या आदल्या आठवड्यातली होती. पहिलं पान सोडलं, तर वहीतली एकही वस्तू तिने कधी केली नव्हती. का केली नव्हती, ते साहेबांना पक्कं ठाऊक होतं. ती वही काखेत मारून ते मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "यातलं पहिलं पान शिकवा." पहिल्या पानावर स्टूल होतं.

सतरा वर्षांची असताना तिने आईसाठी एक स्टूल केलं होतं. आईचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरायचे. बसून भाजी चिरता यावी म्हणून लेकीने ते या खिडकीपाशी ठेवलं. स्वयंपाकघरात स्टूल मावेल अशी जागा तेवढी एकच होती. डुगडुगलं. तिने एक पाय कापला. तरी डुगडुगलं. दुसरा कापला, मग पुन्हा पहिला. संध्याकाळपर्यंत स्टुलाचा पाट झाला. साहेब पेपराआडून मजा बघत होते.

"बाबा, फरशीच वाकडी असेल," ती शेवटी रडवेली होऊन म्हणाली.

साहेब खो खो हसले. ही फरशी त्यांनी खास रजा काढून, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतली होती. "नाचता येईना, अंगण वाकडं! सोड ते. तुझ्या हातात नाही ते."

तिने शेजारच्या सुताराची करवत परत करून टाकली. पुढे साहेबांनी लावून दिलेल्या नोकरीत खालमानेने कागद लिहीत राहिली. लाकडाला पुन्हा हात लावला नाही.

आता साहेबांचं स्टूल त्याच जागी डुगडुगत होतं. "हा शेजारचा सूतभर लांब राहिला वाटतं," ते पुटपुटले. पायावर पेन्सिलीने खूण केली आणि पिशवीतून करवत काढली.

"कापू नका."

बायको दारात उभी होती. भिंतीला धरत ती आत आली. फळीवरच्या डब्यामागून चार घड्या घातलेला पुठ्ठ्याचा तुकडा काढला, कण्हत वाकली आणि स्टुलाच्या अधांतरी पायाखाली सरकवला. मग स्टुलावर बसली. स्टूल गप्प उभं राहिलं.

"टेबलाखाली एक आहे," ती म्हणाली. "कपाटाखाली एक. मांडणीखाली दोन. ओले झाले की बदलते. घर बांधल्यापासून बदलतेय."

साहेबांनी टेबलाखाली पाहिलं. पुठ्ठा होता. इतकी वर्षं ते त्याच टेबलावर जेवत होते. ते हळूहळू खाली बसले. काट्याचं माप बघताना डोळा काट्याच्या रेषेत नेत, तसा त्यांनी गाल फरशीला टेकवला. खिडकीपाशी फरशी मध्येच खाली गेली होती. चांगली बोटभर.

तिथेच, फरशीवर, त्यांना हुंदका फुटला. वही सापडली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

"अगं, मग तेव्हा एका शब्दाने बोलायचं होतंस!"

बायकोने स्टुलाच्या कडेवरून हात फिरवला.

"मला धीर झाला नाही," ती म्हणाली. "पण ती बोलली होती की, अहो."