भक्कम जागा

"खाणीत उतरल्यावर तुझे बाबा आधी काय करतात, ते दाखव बरं सगळ्यांना," दहावीला 'खनिज संपत्ती' शिकवता शिकवता धोटे सर म्हणाले.

सोनल टेकाम हौसेनं उठली. भिंत तडकून खिडकीचा एक गज सुटला होता, तोच तिनं हाती घेतला. "छत ठोकून पाहतात जी. भक्कम असलं तर खणखण वाजते, पोकळ असलं तर ढबढब. मग तिथं कोणी थांबत नाही."

छताला गज पोचेना, म्हणून तिनं फरशीच ठोकली. ढब. दोन पावलं सरकली. ढब. पोरं खदखदून हसली. सोनल हसली नाही.

सरांच्या हातातला खडू मोडला. भिंतीच्या भेगांबद्दल त्यांनी तीन अर्ज केले होते. 'शाळेखालची जुनी खाण वाळूनं भरलेली आहे, काळजी नसावी,' एवढंच उत्तर आलं होतं.

"दप्तरं राहू द्या. आजचा तास चिंचेखाली!" ते सहज बोलल्यासारखं म्हणाले आणि दाराशी उभे राहून एकेकाला बाहेर काढू लागले. शेवटचं पोर उंबऱ्याबाहेर पडलं, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

तोवर सोनलनं चिंचेचा दगडी पार ठोकला होता. मग फाटकाची पायरी. मग सिमेंटचा रस्ता. सगळीकडे तीच ढब.

"सोनल, पुरे! मागे फिर!"

ती थांबली नाही. गज आपटत घरांच्या दिशेनं धावता धावता ती रडवेल्या आवाजात ओरडली, "कुठं तरी खणखण वाजू द्या जी, सर!"