नेटवर्क पाडणारा

नेटवर्क पुन्हा पडलं आणि लोणी देवकरच्या त्या कारखान्यातल्या सगळ्या ट्रॉल्या होत्या तिथं थांबल्या.

ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागची, उसानं भरलेली, एवढंच इंदापूर तालुक्याला माहीत. इथल्या ट्रॉल्यांना ट्रॅक्टर नव्हता आणि ड्रायव्हरही नव्हता. लोखंडी पाइप वाहणाऱ्या या ट्रॉल्या कारखान्याच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कवर चालायच्या. नेटवर्कचं सॉफ्टवेअर फुकटातलं, कुणीही उघडून पाहावं असं. ते सांभाळायचं काम हीनाचं. नेटवर्क गेलं की ट्रॉल्या थांबायच्या आणि मॅनेजर राजवर्धन साहेबांचं तोंड सुरू व्हायचं.

"कुणीतरी मुद्दाम करतंय," साहेब म्हणाले. "आज परत पडलं, तर उद्यापासून येऊ नका."

हीनाला ही नोकरी घालवायची नव्हती. बारामतीला शिकून, अब्बा कामाला होते त्याच कारखान्यात लागलेली नोकरी होती ही. सकाळी बापलेक एकाच मोटरसायकलवर यायचे, याचं तिला फार अप्रूप.

तिनं नेटवर्क उभं केलं आणि मागच्या सगळ्या नोंदी उपसल्या. दर वेळी पडण्याआधी कारखान्यातल्याच कुठल्यातरी फोनवरून नेटवर्कला जोडून घेण्याची एक विनंती येत होती. अर्धवट, मोडकी. ती वाचतानाच सॉफ्टवेअर कोलमडायचं. हा दोष आणखीही लोकांना सापडला होता, आणि त्यावरची दुरुस्ती तयार होती.

"चढवून टाका," साहेब म्हणाले. "पण कुणाला बोलायचं नाही. वडिलांनासुद्धा."

जेवणाच्या सुट्टीत ती खाली गेली. तिचे अब्बा, दस्तगीर, भिंतीला टेकून डबा खात होते. शेजारी त्यांचा तडा गेलेला जुना फोन. हीनानं नवा घेऊन दिला होता, तरी हा काही ते सोडत नव्हते. पलीकडे ट्रॉल्यांत पाइप भरणारा त्यांचा जोडीदार दीपक पाण्याची बाटली भरत होता. ट्रॉल्या थांबवायच्या लाल बटणावर कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली होती. धूळ जाऊ नये म्हणून असेल. एवढी काळजी घेतात, हे बघून हीनाला बरं वाटलं.

"अब्बा, नेटवर्क कोण पाडतंय, ठाऊक आहे तुम्हाला?"

दस्तगीरनी भाकरीचा तुकडा मोडला. "मधनं मधनं पडलं तर काय बिघडतं गं?"

"माझी नोकरी जाईल."

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी दीपककडं पाहिलं. दीपकनं मान खाली घातली.

"घरी गेल्यावर बोलू," ते म्हणाले. "हितं न्हाय."

हीना चिडली. म्हणजे यांना माहीत आहे! पोरीच्या पोटावर पाय देणाऱ्याला सख्खा बाप पाठीशी घालतोय, हे तिला फार लागलं. दुरुस्तीचं ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. तुम्ही सांगत नाही, तर मीही नाही.

वर येऊन तिनं दुरुस्ती चढवली आणि पडद्यासमोर बसून राहिली. चहावर साय धरली. उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा उठली. दुपार सरता सरेना.

आणि ती मोडकी विनंती आली.

हीना पडद्याकडं झुकली. नेटवर्क जागचं हललं नाही. एकही ट्रॉली थांबली नाही.

लगेच दुसरी विनंती आली. मग तिसरी. मग एकामागून एक, नुसती झोड.

"बस आता बोंबलत," ती पडद्याकडं बघून मोठ्यानं हसली. साहेबांना सांगायला तिनं फोन उचलला.

तेवढ्यात टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला. आवाज अब्बांचा होता.

"हीना, नेटवर्क पाड! दीपक ट्रॉलीखाली घावलाय! लाल बटन कवाचंच मेलंय, माझ्या जुन्या फोननं नेटवर्क पाडूनच थांबवत हुतो आमी ट्रॉल्या... आज थांबंना गं!"