दुसरं खातं

“काका, नवी सिस्टीम टाकायला जागा कमी पडतेय. हे ‘इंदुमती’ खातं कोण वापरतं?” संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंनी विचारलं.

वारलेल्या बायकोचं खातं उघडून आपण रोज दुपारी तिच्या आवाजात रेकॉर्ड केलेली, फक्त तिथेच असलेली गाणी ऐकतो, हे परक्या बाईंना सांगायला भालचंद्रराव लाजले. “आता कोणीच नाही,” ते म्हणाले.

“मग काढून टाकू?”

खात्याचं फक्त नाव जाईल, असं समजून त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी संगणक झटकन सुरू झाला. पडद्यावर एकट्या त्यांचंच नाव होतं.

“आणि हिची गाणी?”

“खात्याबरोबर पुसली गेली, काका.” बाईंचा चेहरा उतरला. “दुसरीकडे ठेवली होती ना?”

“हो, हो. आहेत ना,” भालचंद्रराव घाईघाईने म्हणाले, “तुम्ही चहा घ्याल?”