भीतीचा नियम

दर रविवारी दुपारी चौलला रुचिताच्या घरी चौघं मित्रमैत्रिणी फासे टाकून साहसकथा खेळत. खेळ चालवणाऱ्या रुचिताने यावेळी खेळाच्या नियमपुस्तकातला एक ऐच्छिक नियम घेतला: प्रत्येकाने आपली खरी भीती चिठ्ठीवर लिहायची, तीच गोष्टीतला राक्षस होणार. हितेशच्या चिठ्ठीत साप निघाला, राहीच्या खोल पाणी. भाविकाची चिठ्ठी वाचताना रुचिता थांबली. ‘जीवन चिडतो तेव्हा.’ जीवनशी भाविकाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. “मारतो?” रुचिताने विचारलं. भाविकाने बाही मनगटावर ओढली. “घरी सांगितलं. कोणी ऐकत न्हाय.” तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला, जीवन तिला न्यायला आला होता. रुचिता दारात गेली. “ती येणार न्हाय.” तो हसला. “तिला बोलू दे.” “मला लग्नच करायचं न्हाय,” भाविका आतून म्हणाली. जीवनचं हसू गेलं. तो चपला न काढताच ओटीवर चढला.