सरसकट

फ्रीज हलवला तरी भिंतीवर त्याची खूण राहिलीच. आजूबाजूचा रंग मळलेला आणि मधोमध फ्रीजएवढा स्वच्छ पट्टा. तो बघून चिमाजी बोरस्त्यांनी घाईनं हाक मारली.

"कमळाबाई, इथं कॅलेंडर लाव. मोठं बघून."

"कॅलेंडर केवढं नि डाग केवढा, अण्णा!" असं म्हणत कमळाबाईनं तिथं दोरी बांधली आणि गोधडी वाळत टाकली.

काळू हमालानं कालच फ्रीज, टीव्ही आणि कपडे धुण्याचं मशीन बंगल्यामागच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. खोली कमळाबाईची. पेठहून आल्यापासून वीस वर्षं ती तिथंच राहून अण्णांचं घर सांभाळत होती. गाडी दिंडोरीच्या बागेवर धाडली होती. एसी काही निघेना, म्हणून त्याच्यावर जुना पडदा सोडला होता.

या सगळ्याला निमित्त झालं ते नाशिक रोडच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचं. परवा तिथं कुणीतरी मोबाइलवर आलेला निरोप मोठ्यानं वाचला. म्हाताऱ्यांच्या पैशांची घरोघर पाहणी सुरू झाली आहे. फ्रीज, गाडी दिसली की नाव कट, घेतलेले पैसे परत आणि वर गुन्हा. बाकीचे हसले. चिमाजींची पाचावर धारण बसली.

पंच्याहत्तरी उलटल्यापासून त्यांना दरमहा सरकारचा सन्मान निधी यायचा. तो नसता तरी त्यांच्या ताटातली पोळी कमी झाली नसती. पेन्शन होती, द्राक्षबाग होती, मुलगा हर्षल कॅनडात होता. पण फुकट ते पौष्टिक! तहसील कचेरीत जन्म घालवलेल्या या माणसानं अर्ज न वाचताच सही ठोकली होती.

आणि पाहणी म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. शेकडो घरांत डोकावून त्यांनी याद्यांमधली नावं कापली होती. दारातून पहिली नजर टाकायची ती फ्रीजवर. दिसला की रेघ. कुणाचा, कुठून आला, असल्या फंदात पडायचं नाही. रडगाणी ऐकत बसलं तर दिवस पुरत नाही. आता तीच रेघ आपल्या नावावर येणार आणि कट्ट्यावर छी-थू होणार, या भीतीनं दोन दिवस त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"अण्णा, बँकेत जाऊन येऊ का?" कमळाबाईनं विचारलं. "निराधारचे पैसे आले का बघते. बीपीच्या गोळ्या संपल्यात."

"आज कुठं हलू नकोस. आणि कुणी विचारलंच तर..."

"ठावं हाय. खोलीतलं समदं माझं. चारदा सांगितलं तुमी."

अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब घेतलेली एक तरुण मुलगी उभी होती.

"चिमाजी बोरस्ते? पाहणीसाठी आलेय."

"या, मॅडम." विटका बनियन खाली ओढत चिमाजींनी माठातलं पाणी दिलं. घाईघाईत अर्धं फरशीवर सांडलं. तिनं काही विचारायच्या आतच ते सुरू झाले. "घरात काही नाही हो. बघा ना! हे लिहूनच ठेवलंय."

त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. या पत्त्यावरील माझ्या घरात फ्रीज, टीव्ही, धुलाई मशीन व वाहन नाही, माहिती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन. खाली वळणदार सही. मुलीनं कागद वाचला आणि फाइलमध्ये ठेवला.

"आजोबा, तुमच्या निधीला याची गरजच नव्हती. तो सरसकट आहे. गरीब असो, श्रीमंत असो, पंच्याहत्तरी झाली की मिळतो. तुम्ही हयात आहात, एवढंच बघायचं. इकडे बघा." तिनं फोटो काढला. "झालं."

चिमाजींना हसू फुटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच!

"खरं तर गरजूंनाच द्यायला हवा," मुलगी टॅबवर बोट फिरवत म्हणाली.

"अहो, सगळ्यांनाच द्यावा." चिमाजी आता खुर्चीत ऐसपैस रेलले. "घरं तपासत बसलं की भलत्याचंच नाव कापलं जातं. मी केलंय ना हे काम."

"असेल. याच पत्त्यावर अजून एक नाव आहे. कमळाबाई गावित, निराधार योजना. त्यांची मात्र खोली बघावी लागेल. त्या योजनेत फ्रीज वगैरे असला तर पैसे बंद होतात."

रेललेले चिमाजी खुर्चीत सरळ झाले.

तेवढ्यात कमळाबाई चहा घेऊन आली. "मीच कमळाबाई. खोली बघायचीय? मागं हाय, या की."

दोघी स्वयंपाकघरातून मागे गेल्या. चिमाजी धडपडत उठले. फाइल मुलीच्या काखेत होती आणि फाइलीत त्यांची सही होती. "मॅडम," ते म्हणाले, पण आवाज खिडकीपर्यंतसुद्धा पोचला नाही. ते मागच्या खिडकीचे गज धरून उभे राहिले.

खोलीचं दार उघडलं. मुलगी उंबऱ्यावरच थांबली. तिची पहिली नजर कुठं जाणार, हे चिमाजींना माहीत होतं.

"मावशी, फ्रीज, टीव्ही, मशीन... हे सगळं कुणाचं?"

कमळाबाईनं खिडकीकडे पाहिलं. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. घाबरू नका, अशी तिनं हळूच मान हलवली.

"माझंच हाय, मॅडम," ती म्हणाली. "समदं माझंच."