भाडेकरणीची पारख

नात संजीवनीला सोलापुरात नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण वसतिगृह भरलेलं. अनोळखी घरात पोरीला ठेवायला मन धजेना, म्हणून मालनबाई तिला घेऊन जुन्या शेजारणीच्या, इंद्रायणीबाईंच्या दारात आल्या.

"खोली रिकामीच आहे गं," ताटली झाकून टाकेल एवढी मोठी शेंगापोळी पुढं ठेवत इंद्रायणीबाई म्हणाल्या, "पण आता माणूस पारखल्याशिवाय मी किल्ली देत नाही. मागची भाडेकरीण चक्क माझी वाटी घेऊन गेली! वाटीचं काय एवढं, पण नियत कळली की. आपल्या वेळी असं होतं का, मालन? उसनं भांडं घरात ठेवून घ्यायचं म्हणजे अन्न गोड लागायचं नाही."

"खरंय बाई," मालनबाई पोळी खाता खाता म्हणाल्या. "आमची पोर तशी नाही."

"तेवढी खात्री दे, मग खोली तिचीच."

मालनबाईंनी पोळीचा शेवटचा तुकडा उचलला. खाली ताटलीवर कोरलेलं होतं : 'चि. सौ. कां. मालन हिस लग्नानिमित्त मामाकडून, १९७४.'

"आजी, ही तर तुझी..." संजीवनीनं तोंड उघडलं.


"इंद्रायणी, अजून एक पोळी वाढ गं," मालनबाई घाईघाईनं म्हणाल्या.